मेढीचं आवतन

लग्नघरी काय काय लागतं असं धनंजयला कोणी विचारलं असतं, तर त्याने खिशातून कागदच काढून दाखवला असता. विज्ञानाच्या मास्तरला शोभेल अशी यादी होती ती, नंबर टाकलेली: पत्रिका, आचारी, मांडववाला, पाण्याचा टँकर, नवरदेवाकडच्यांची उतरायची सोय. एकुलत्या एका पोरीचं, वर्षालीचं लग्न. मुलगा आर्वीचा, नीलेश, एस.टी.त नोकरीला, माणसं साधी. मे महिना होता. पारा पंचेचाळीसवर जाऊन बसलेला आणि दुपारी सेलूच्या रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं.

त्या यादीत मुहूर्तमेढ नव्हती. ती अण्णाजींच्या यादीत होती, आणि अण्णाजींची यादी त्यांच्या डोक्यात असायची.

अण्णाजी म्हणजे धनंजयचे वडील. वय ब्याऐंशी. डावा डोळा कधीचाच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "वर्षालीचं लगन होऊ दे, मंग पाहू." तोवर त्यांचं सगळं हातावर आणि नाकावर चाललं होतं. ढोर पाठीवर हात फिरवून ओळखायचं, माती चिमटीत चोळून. झाड असलं तर साल नखाने खरवडायची आणि बोट नाकाशी न्यायचं. त्यांचं कधी चुकलं असं गावात कोणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तरी तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती.

"मेढ उंबराचीच पायजे," ते म्हणाले. "आन् आदल्या सांजेले आवतन देऊन यावं लागते. न बोलावता तोडून आनलं त झाड येत नाई धनंजय, नुसतं लाकूड येते."

गावचा उंबर रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला होता. धनंजयने ते सांगितलं. अण्णाजी म्हणाले, "नाल्यावर हाय ना एक."

नाला म्हणजे त्यांच्या घरामागून जाऊन पुढे बोर नदीला मिळतो तो. त्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, धनंजय सोळा वर्षं रोज मोटरसायकलने सेलूच्या शाळेत जात होता. तिथे बाभळी होत्या, दोन पळस होते. उंबर त्याने कधी पाहिला नव्हता. पण म्हाताऱ्याशी वाद घालत बसण्यापेक्षा नेऊन आणलेलं बरं, म्हणून संध्याकाळी त्याने अण्णाजींना मागे बसवलं आणि गेला.

झाड होतं.

रपट्यापासून पन्नास पावलांवर, नाल्याच्या वळणाला. चांगलं दोन पुरुष उंच, खोड कवेत येईल न येईल असं. धनंजयने मोटरसायकल स्टँडला लावली. मे महिन्यात नाला कोरडा ठणठणीत होता, वाळू तापून पायाला चटका देत होती. आणि झाडाच्या बुडाशी मात्र काळा, ओला चिखल होता. बाजारात सुकटीच्या दुकानासमोरून जाताना येतो तसा वास येत होता.

अण्णाजी काठी टेकत पुढे झाले. खोडावर हात ठेवला. बुंध्यापासून वर, जितका हात पोचेल तितका, सावकाश फिरवत नेला. मग नखाने साल खरवडली. पांढराशुभ्र चीक भळकन बाहेर आला. बोट त्यांनी नाकाशी नेलं, थोडे थबकले.

"अण्णाजी," धनंजय म्हणाला, "पानं वेगळी दिसतात. उंबराचं पान एवढं चमकत नाई. अन् याच्यात लाल पानंबी हायेत."

"चीक हाय का नाई?"

"हाय."

"मंग?"

मग काय बोलणार? मांडववाला घरी खोळंबलेला, उद्या सकाळचा मुहूर्त, आणि ब्याऐंशी वर्षांच्या बापाला नातीच्या लग्नात तुमचं चुकलं म्हणून सांगायचं. आठवीच्या वर्गात पोरांना धनंजय नेहमी सांगे की, डोळ्यांनी दिसतं ते खरं, मोठ्यांनी सांगितलं म्हणून खरं नाही. त्या संध्याकाळी तो स्वतः मात्र गप्प बसला.

अण्णाजींनी खोडाला हळदीकुंकू लावलं, बुंध्याशी एका दगडावर सुपारी आणि अक्षता ठेवल्या, हात जोडले. "बापा," ते म्हणाले, घरच्याच माणसाशी बोलावं तसं, "उद्या आमच्या वर्षालीची मेढ हाय. तू घरी ये. मांडवात उभा राह्य. आमचं म्हून समजजो."

वारा नव्हता. एक लाल पान तेवढं सुपारीवर येऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनंजयने कुऱ्हाडीने मनगटाएवढी एक फांदी तोडली. चीक उडाला. त्याच्या चष्म्याच्या काचेवर पाच-सहा थेंब बसले आणि मनगटावर पडला तिथे दुपारपर्यंत फोड आले. फांदी अण्णाजींनीच खांद्यावर घेतली. चालता चालता त्यांनी त्याच हाताने कपाळाचा घाम पुसला आणि डोळाही पुसला.

मांडवात विहिरीच्या अंगाला मेढ रोवली गेली, बायांनी गाणी म्हटली. बारा वाजता अण्णाजींचा उजवा डोळा टमाट्यासारखा सुजला. सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा धुतला, पट्टी बांधली, आणि विचारलं, "कुठल्या झाडाचा चीक होता?"

"उंबर," धनंजय म्हणाला.

"उंबराने असं होत नाही," डॉक्टर म्हणाले आणि तरीही तसंच लिहून घेतलं.

लग्न झालं. अण्णाजी पट्टी बांधून मांडवात बसले, अक्षता टाकल्या, रडलेही. पाठवणीनंतर पाचव्या दिवशी मांडवपरतणी असते. मेढीला नैवेद्य दाखवायचा, मानाने उपटायची आणि नदीत सोडायची. त्या पाचव्या दिवशी घरात कोणी नव्हतं. धनंजय आणि त्याची बायको जयवंता दोघंही दवाखान्याच्या बाकावर बसलेले. अण्णाजींच्या डोळ्यात उजेड-अंधार कळण्यापुरतंच काही उरलं होतं. मांडववाला येऊन आपले पाइप आणि कापड घेऊन गेला. मेढ काही त्याची नव्हती. ती तशीच राहिली.

आठ-दहा दिवसांनी घर थाऱ्यावर आल्यावर धनंजय एकटाच नाल्यावर गेला. त्याला ते झाड नीट पाहायचं होतं, पान घेऊन कोणाला तरी दाखवायचं होतं. वळणावर बाभळी होत्या, वाळू होती. दगडावर सुपारी होती, अक्षता होत्या. झाड नव्हतं. खुंटही नव्हता, चिखलही नव्हता. कोणी तोडून नेलं असेल म्हणावं, तर मुळं तरी राहिली असती. त्याने टाचेने वाळू उकरून पाहिली. खाली कोरडा मुरूम होता.

जागा चुकली असेल, असं म्हणून तो घरी आला. हे त्याने जयवंताला सांगितलं नाही.

पावसाळ्यात अंगणात सगळंच हिरवं होतं, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही. कोजागिरीच्या सुमारास गवत वाळायला लागलं तेव्हा दिसलं की मेढीला फांद्या फुटल्या आहेत. जाड, चकचकीत पानं. त्याच आठवड्यात आर्वीहून फोन आला. वर्षालीला दिवस गेले होते.

जयवंताच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिने मेढीला कुंकू लावलं, तांब्याभर पाणी घातलं. "मेढीले पालवी फुटली, अन् तिकडं पोरीले! असं कोनाच्या घरी झालं सांगा बरं!"

"जयवंता, ते झाड बरं नाई. अण्णाजीचा डोळा त्याच्यानंच गेला. मी काढून टाकतो."

"हात त लावून पाहा!" ती कडाडली. "पोरीच्या लगनाची मेढ हाय ते. तिकडं पोरीच्या पोटात लेकरू, अन् तुमी इकडं कुऱ्हाड घेऊन निंगाले! काई कमीजास्त झालं त काय तोंड दाखवान तिले?"

धनंजयने विषय तिथेच सोडला. झाड तोडलं आणि काही झालं नाही तर प्रश्नच नव्हता. पण काही झालं असतं, तर जयवंताने जन्मभर त्यालाच धरलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्याने स्वतःलाही धरलं असतं. पण एक हिशोब त्याच्या डोक्यात पक्का होता. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात, होळीच्या आधी, वर्षाली घरी येणार. त्याच्या आत ते झाड अंगणातून गेलं पाहिजे. एवढीच एक गोष्ट त्याला हवी होती.

जानेवारीत तो एक डहाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्ध्याला वासुदेवरावांकडे गेला. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. त्यांनी भिंगातून पान पाहिलं, देठ मोडून चीक पाहिला आणि ताबडतोब हात धुवायला उठले.

"कोकणात जाऊन आलास काय?"

"नाही सर. अंगणातलं आहे."

ते हसले. धनंजय हसला नाही, तेव्हा त्यांनी हसणं थांबवलं.

"हा गेवा आहे, धनंजय. खाडीकाठचं झाड, खारफुटीतलं. भरतीचं पाणी पायाशी येतं तिथे वाढतं. चीक डोळ्यात गेला तर माणूस आंधळा होतो. बहुतेक वेळा काही दिवसांपुरताच."

"बहुतेक?"

"बहुतेक." त्यांनी पिशवीला गाठ मारली. "इथून समुद्र सातशे किलोमीटर आहे. हौसेने कोणी कुंडीत लावलं तर जगेलही एखादं. पण फांदी खोचली आणि अंगणात वाढली, असं होणं कठीण. तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

"गोड," धनंजय म्हणाला. "आख्खी गल्ली नेते."

हे सकाळपर्यंत खरं होतं. संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा शेजारची शकुबाई घागर घेऊन दारातच उभी होती.

"गुरुजी, तुमच्या पान्याले काय झालं जी? दोन घंट्यापासून डाळ चुलीवर हाय, शिजूनच नाई राह्यली. अन् चहा ठेवला त दूध टाकल्याबरोबर फाटला. चाखून पाहा बरं."

त्याने चाखलं. खारट होतं. विहिरीच्या काठावर बादली ठेवायच्या जागी पांढरी रेघ उमटली होती, घाम वाळल्यावर सदऱ्यावर उमटते तशी.

आता धनंजय काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. त्याने विहिरीत उतरून दगडी बांधावर चुन्याने खुणा केल्या आणि शाळेच्या वहीत तक्ता आखला. चार दिवस रजा टाकून तो सारखं पाणी पाहत राहिला. पाणी हात-दीड हात वर चढत होतं आणि पुन्हा उतरत होतं. उपसा नसतानाही. दिवसातून दोनदा. रविवारी पाणी सगळ्यात वर आलं ते सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. सोमवारी नऊला. मंगळवारी नऊ पन्नासला. बुधवारची वेळ त्याने आधीच वहीत लिहिली, दहा चाळीस, आणि काठावर जाऊन उभा राहिला. दहा चाळीसला पाणी चुन्याच्या वरच्या खुणेला लागलं आणि थांबलं.

रोज पन्नास मिनिटं उशिरा. नववीचा भूगोलही त्याच्याकडेच होता, आणि हा धडा तो दर वर्षी शिकवत असे. फळ्यावर चंद्र काढायचा, पृथ्वी काढायची, समुद्राला आलेला फुगवटा काढायचा, पोरांकडून व्याख्या पाठ करून घ्यायचा. तक्त्याच्या वर मथळा लिहायला त्याने पेन टेकवलं आणि काही न लिहिता वही मिटली.

गल्लीने पाणी न्यायचं बंद केलं. शकुबाई तेवढी बोलायला येई. जयवंता नळाच्या पाण्यावर भागवू लागली आणि धनंजयच्या नजरेला नजर देईनाशी झाली. पण मेढीला कुंकू लावणं तिने सोडलं नाही.

तिचं मन फिरलं ते फेब्रुवारीच्या शेवटी, आणि तेही धनंजयच्या बोलण्याने नाही.

मागची खोली त्यांनी बाळंतिणीसाठी तयार केली होती. चुना दिला, नवी बाज आणून ठेवली, खिडकीला जाळी लावली. जयवंता फरशी पुसायला गेली आणि तिथूनच हाक मारली. आवाज फार मोठा नव्हता.

"अवो, इकडं या बरं."

बाजेखालच्या चार फरश्या उचलल्या गेल्या होत्या. फटीतून बोटाएवढं जाड, करड्या रंगाचं मूळ वर आलं होतं, वळ्या घालत, जमिनीसरपट. धनंजयने बाहेर जाऊन त्याचा माग काढला. मेढीपासून निघालेली मुळं अंगणातल्या धुळीत अर्धी वर, अर्धी खाली होती. विहीर चार पावलांवर, पण तिकडे एकही गेलं नव्हतं. मोरीकडे गेलं नव्हतं. सगळी घराच्या भिंतीखालून मागच्या खोलीकडे गेली होती आणि बाजेखाली येऊन थांबली होती.

जयवंता उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातातल्या पोतेऱ्याचं पाणी पायावर ठिबकत होतं, तिला ते कळत नव्हतं.

"काढून टाका," ती म्हणाली. "आजच काढा."

"काढा म्हंजे?" अण्णाजी पडवीतून बोलले. त्यांना सगळं ऐकू जात होतं. "त्याले आपन बोलावलं हाय. मी सोता आवतन देल्लं. घरी आलेल्या पाव्हन्याले कुऱ्हाडीनं हाकलते काय कोनी? परतनी राह्यली त्याची. थे करा, मंग जाईन तो आपला."

धनंजयला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. पण पोरगी यायला आठच दिवस उरले होते, आणि इतके दिवस त्याच्या सगळ्या मोजमापांनी पाणी एक बोटभरही गोड झालं नव्हतं. तो म्हणाला, "ठीक हाय अण्णाजी. उद्या सकाळी करू."

जयवंताने रीतसर स्वयंपाक केला. पुरण, वडे, कढी, भात. नळाच्या पाण्यात. मेढीपुढे पाट मांडला, ताट वाढलं, नवं दुपट्टं ठेवलं, नारळ ठेवला. मेढ आता मेढ राहिली नव्हती. धनंजयच्या डोक्याच्या वर गेली होती. सकाळचे नऊ वाजले होते. वहीप्रमाणे पाणी चढतीला होतं.

अण्णाजींना धरून आणलं. त्यांनी खोडावर हात ठेवला, बुंध्यापासून वर सावकाश नेला.

"बापा," ते म्हणाले, "तू आला, पोरीचं लगन पार पडलं. तुयी परतनी राह्यली, चूक आमची झाली. माफी कर. आता तुया घरी सुखानं जा."

धनंजयने श्वास सोडला. झालं होतं. एवढंच म्हणायचं होतं.

अण्णाजींनी हात जोडले. आणि मग, ब्याऐंशी वर्षांत ज्या कोणाला त्यांनी दारापर्यंत पोचवलं असेल त्या प्रत्येकाला म्हटलं तसं, अगदी सहज, ते म्हणाले,

"बरं मंग. येजो."

जयवंताचा हात तोंडावर गेला.

धनंजयला बोलता आलं असतं. नको येऊ, एवढे दोन शब्द. पण उठून निघालेल्या पाहुण्याला नको येऊ म्हणायचं कसं? तोंडातून निघेना. लहानपणापासून तशी जीभच वळलेली नाही कोणाची. शिवाय झाडाशी काय बोलायचं, आपण विज्ञान शिकवतो, असंही त्याला त्याच क्षणी वाटलं.

तो दुसऱ्यांदा गप्प बसला.

दुसऱ्या सकाळी झाडाची सगळी पानं लाल झाली होती. तिसऱ्या दिवशी गळली. पाचव्या दिवशी धनंजयने रुमाल गुंडाळलेल्या एका हाताने खोड धरून हलवलं, तर ते अलगद वर आलं. खाली मुळं नव्हती. कुऱ्हाडीने तोडलेलं टोक होतं, मागच्या मेमध्ये तोडलं होतं तसंच, अजून कुऱ्हाडीचा घाव दिसत होता. त्याने ते बोर नदीत नेऊन सोडलं. परत आला तेव्हा जयवंता बाजेखालच्या फरश्या बसवत होती. "काईच नाई खाली," ती म्हणाली. "नुसती माती हाय."

पंधरा दिवसांत विहीर गोड झाली. पाणी चढायचं-उतरायचं थांबलं. शकुबाईने पहिली घागर भरली, ओंजळभर प्यायली आणि म्हणाली, "आली बाई ठिकान्यावर." वर्षाली आली, मागच्या खोलीत राहिली, कैऱ्या खाल्ल्या, बापाची थट्टा केली. जूनमध्ये सावंगीला तिचं बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा. तीन किलो शंभर. नीलेशने पेढे वाटले. धनंजयने ती वही पेटीच्या तळाला टाकली. इतक्या महिन्यांत त्याला पहिल्यांदा नीट झोप लागली.

बाराव्या दिवशी बारसं होतं. ढगाळ दुपार, घर बायांनी भरलेलं, घुगऱ्यांचं पातेलं मध्यात. चहासाठी विहिरीतून ताजं पाणी काढून आणलेलं. जयवंता चुलीपाशी होती. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या.

"अण्णाजीच्या मांडीवर द्या ना थोडं," कोणीतरी म्हणालं. "पणजोबा हायेत. नव्या पाव्हन्याची वळख त होऊ द्या."

वर्षालीने झोपलेलं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. अण्णाजींनी त्याच्या तळव्यावर हात ठेवला. तळव्यापासून वर, पोटरीवरून, पोटावरून, छातीवरून, सावकाश हात फिरवत टाळूपर्यंत नेला. मग बोट नाकाशी नेलं.

ते थोडे थबकले.

"हव," ते म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं. "वळखीचा हाय."

बाया हसल्या. धनंजय दाराशी उभा होता, त्याचा हात चौकटीवरच राहिला.

"बाबा, तुमाले एक गंमत सांगतो," वर्षाली म्हणाली. तिने मोबाइल काढला. "डॉक्टरनं दुधाचे टाइम लिहून ठेवाले सांगतले होते ना. हा बाकी दिवसभर झोपते, पण दोनदा उठते म्हंजे उठतेच. एकदा दिवसा, एकदा रात्री. अन् रोज टाइम बदलते. पाहा ना. परवा अकरा वाजता. काल अकरा पन्नासले. काऊन असं?"

भिंतीवरच्या घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

"बाबा? तुमी विज्ञानवाले ना. सांगा ना."

धनंजय घड्याळाकडे बघत होता.

पाच मिनिटं बायांनी पाळणा म्हटला. बाळ झोपलं होतं. घड्याळाचा मोठा काटा आठाच्या आकड्यावर आला.

बाळाने डोळे उघडले. रडलं नाही. अण्णाजींच्या मांडीवरून ते खोलीभर बघत गेलं, आणि धनंजयवर येऊन थांबलं.

आतून जयवंता आली. पातेलं दोन्ही हातांनी धरलेलं, पदर ढळलेला. ती कोणाकडे न बघता सरळ नवऱ्यापाशी आली आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

"अवो, चहा फाटला."